दहावीतली बी.ए.

दहावीच्या बोर्डात इतिहासाच्या पेपरात मी नापास होता होता वाचले, आणि त्याचं एकमेव कारण म्हणजे मला इतिहास फार येत होता.

हसू नका. म्हणजे हसा, आमचं अख्खं शेलूबाजार हसून मोकळं झालंय, तुम्हीच कशाला मागे राहता! पण आधी ऐकून तर घ्या.

आमचं भांड्यांचं दुकान हायवेला लागून आहे. पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक पडदा. पडद्यामुळे दिसत काही नाही, पण इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सगळं ऐकू येतं. बाबा गल्ल्यावर बसायचे, माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, टेम्पोतून गावोगावच्या बाजाराला भांडी न्यायचा, आई घर सांभाळायची आणि मी दहावीत होते. अशा घरात किन्हीराजाहून प्रणिता वहिनी लग्न होऊन आली. इतिहास घेऊन बी.ए.ची दोन वर्षं पास झालेली, शेवटचं वर्ष तेवढं राहिलेलं.

लग्नाची बोलणी झाली तेव्हा बाबांनी भर बैठकीत वहिनीच्या वडिलांना शब्द दिला होता, "पोरीचं शिक्षण आमी पुरं करू. सून म्हनजे पोरगीच समजा जी!"

लग्न झालं, हळद उतरली आणि वहिनीनं विषय काढला. बाबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"आता कायले पाह्यजे?"

"शेवटचंच वर्ष हाये, बाबा."

"शेवटचंच हाये ना? मंग राहू दे. तेवढ्यासाठी कोनाचा जीव जाऊन राह्यला का?"

(सून म्हणजे पोरगीच, हे बाबांचं वाक्य अजिबात खोटं नव्हतं. पोरीच्या शिक्षणाबद्दलही त्यांचं मत नेमकं हेच होतं. ते मला जरा उशिरा कळलं, एवढंच.)

वहिनी भांडली नाही, रडलीही नाही. तिनं मुकाट्यानं माहेरून परीक्षेचा फॉर्म भरून घेतला. दादाला हे माहीत होतं. पण दादाचं धोरण असं, की माहीत असलेली गोष्ट कोणी विचारेपर्यंत आपल्याला माहीत नाही असं समजायचं, आणि कोणी विचारलीच तर टेम्पो घेऊन बाजाराला निघून जायचं. त्या वर्षी दादाचा धंदा फार चांगला झाला!

आता प्रश्न अभ्यासाचा. सून पुस्तक घेऊन बसलेली दिसली असती तर बाबांनी दुकान बंद केलं असतं. म्हणून एका संध्याकाळी भाकरीचं पीठ मळता मळता वहिनी मला हळूच म्हणाली, "अशू, तू अभ्यास मोठ्यानं करते का मनातल्या मनात?"

"करतच नाही," मी खरं ते सांगितलं.

"मंग मोठ्यानं करत जा. माह्या पुस्तकातून. तुह्या वाटची भांडी मी घासतो."

भांड्यांच्या दुकानदाराच्या घरात घासायला किती भांडी निघतात याची तुम्हाला कल्पना नाही. मी तिथल्या तिथे भारताच्या स्वातंत्र्यलढ्याला वाहून घेतलं!

दुसऱ्या दिवसापासून मी ओट्याशेजारी पाट टाकून बसायला लागले. वहिनी भाकऱ्या थापायची आणि मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा आधुनिक भारत खणखणीत आवाजात वाचायची. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, त्यांना दहावी आणि बी.ए. सारखीच. वहिनीनं खूण ठरवून दिली होती: परातीवर दोन थापा म्हणजे 'परत वाच', तीन थापा म्हणजे 'सावकाश वाच'. कायमधारा पद्धतीच्या वेळी तर इतक्या थापा पडल्या की बाबा पडद्याआडून ओरडले, "सूनबाई, भाकरी करून राह्यली का परात फोडून राह्यली? दुकानातली हाये ते!"

आईला हे सगळं मालिकेसारखं वाटायला लागलं. ती लसूण सोलत ऐकत बसायची. बंगालच्या फाळणीपाशी मी थांबले तर म्हणाली, "काहून थांबली वं? त्या लाटसाहेबाचं काय झालं मंग?"

"आई, उद्या वाचतो ना."

"उद्या? त्या मेल्यानं बंगाल तोडला अन् तू झोपाले जाऊन राह्यली!"

हळूहळू मलाही गोडी लागली. खोटं कशाला बोलू, गोडीपेक्षा मस्ती जास्त लागली. शाळेत मैत्रिणी प्रश्नोत्तरं पाठ करायच्या तेव्हा मी त्यांना 'आर्थिक निःसारणाचा सिद्धांत' असं नुसतं म्हणून दाखवायची आणि त्यांचे चेहरे बघायची. माझं दहावीचं इतिहासाचं पुस्तक? ते नवं कोरं होतं. उघडलंच नव्हतं. दहावीच्या पोरांचं पुस्तक आपण कशाला उघडायचं!

पडद्यापलीकडे बाबांची छाती रोज थोडी थोडी फुगत होती. एक दिवस त्यांनी मला गल्ल्यावर बोलावलं. समोर लग्नाचं आंदण घ्यायला आलेलं एक कुटुंब बसलं होतं, आणि शेजारचे गादीवाले सलीमचाचाही चहा पीत होते.

"हे माही पोरगी. अशे, सांग बरं त्या इंग्रजाचं काही."

"कोणत्या, बाबा?"

"कोनताही सांग. सगळे हरामीच होते."

मी रयतवारी सांगितली. मुद्द्यांसकट, परिणामांसकट. मुलीचा बाप तोंड उघडं टाकून ऐकत राहिला, आणि तेवढ्यात बाबांनी त्याच्या हातात दोन पातेली जास्तीची ठेवली. त्यानंतर रोजचंच झालं. कोणी भाव करायला लागलं की बाबा मला हाक मारायचे. अठराशे सत्तावन्नच्या उठावात आम्ही किती कुकर विकले त्याला गणती नाही!

हे असंच चालून गेलं असतं, पण संक्रांतीला केनवडहून गजानन मामा आले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, हायस्कुलात मास्तर, विषय इतिहास. बाबांनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायच्या आधीच सांगितलं, "गजाननराव, भाचीची परीक्षा घ्या. तुमाले घाम फुटते का नाही पाहा!"

मामांनी कौतुकानं मला समोर बसवलं. "सांग बेटा, मैदानी खेळ अन् बैठे खेळ यात फरक काय?"

मी बाबांकडे पाहिलं.

"बरं, खेळण्यांवरून इतिहास कसा कळते?"

मी ओट्याकडे पाहिलं. तिथली भाकरीची थाप बंद पडली.

बाबा मामांवरच उखडले, "गजाननराव, इतिहासाचं इचारा ना! पोट्टीले लगोरी कायले इचारून राह्यले? इंग्रजाचं इचारा!"

"भाऊजी, दहावीले इंग्रज नसतेच," मामा शांतपणे म्हणाले. "इंग्रज आठवीतच गेले देश सोडून."

"आठवीत? मंग दहावीत काय हाये?"

"खेळ हाये, खेळणे हायेत, नाटक-सिनेमा, पर्यटन..."

"इतिहासात?" बाबांनी असा आवाज काढला, जणू शाळेनं त्यांना तांब्याच्या भावात पितळ विकलं होतं. "मंग हे पोट्टी सहा महिन्यांपासून काय बोंबलून राह्यली?"

मामांनी पाटावरचं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक उचललं. उघडलं. पहिलं पान वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे. ओट्याजवळ वहिनी पाठमोरी उभी होती. तव्यावरची भाकरी काळी पडत होती आणि ती उलटवत नव्हती.

"हे तं बी.ए.चं हाये," मामा म्हणाले.

पडद्यापलीकडे दुकानात एक चमचा खणकन पडला. वहिनीच्या मानेवरची शीर मला दिसत होती. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, शूर झाले.

"माहंच हाये! मले पुढचं आधीच शिकून घ्यायचं होतं. मीच मागितलं वहिनीले."

बाबांनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं, वजन करून पाहिलं (धंद्याची सवय). आता हे पुस्तक भिंतीवर जाणार की माझ्या डोक्यात, एवढंच पाहायचं होतं. आणि बाबा हसले. एवढे हसले की ठसका लागला.

"दहावीत बी.ए.! अवो ऐकलं का, पोट्टी दहावीत बी.ए. करून राह्यली!"

"पण भाऊजी," मामा म्हणाले, "बोर्डाले दहावीचंच येते. अशू, ते पुस्तकही उघडत जा."

त्या सगळ्या प्रकरणात कोणी बोललेलं हे एकमेव शहाणं वाक्य. बाबांनी ते जागच्या जागी मारलं, "गजाननराव, तुमी तिले खाली ओढू नका!"

आणि मग त्यांनी सुनेला हुकूम सोडला, "सूनबाई, उद्यापासून भाकऱ्या सासूबाई करतीन. तू पोट्टीजवळ बस. तिले डुलकी येऊ देऊ नको. वाटल्यास तूही वाचत जा तिच्यासंगं, म्हनजे तिले हुरूप येईन."

ज्या माणसानं पुस्तक नाकारलं, त्यानंच ते वहिनीच्या मांडीवर आणून ठेवलं! वहिनीनं "बरं, बाबा" म्हटलं आणि पदराच्या आड ओठ चावला. हसू दाबायला की रडू, ते मला अजूनही माहीत नाही.

मग आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ विद्यापीठ भरायला लागलं. वहिनी लिहायची, मी म्हणायची. भूमिती, बीजगणित, विज्ञान हे किरकोळ विषय माझ्या दप्तरात झोपले होते. आणि बोर्डाची परीक्षा सुरू व्हायच्या आधीच बाबांनी चौकात फ्लेक्स लावला. वर लिहिलं होतं, 'शेलूबाजारची शान! दहावीतच बी.ए.चा अभ्यास!' मधे माझा फोटो. फ्लेक्सवाल्यानं आपल्या मनानं माझ्या डोक्यावर पदवीची काळी टोपी चिकटवली होती, तीही जरा तिरपी. खाली, 'लग्नाची भांडी योग्य दरात मिळतील.'

"सेठ, पहले रिझल्ट तो आने दो," सलीमचाचा म्हणाले.

"रिझल्टचं काय चाचा, तो छापलेलाच समजा!"

पेपराच्या दिवशी मी बाकावर बसले तेव्हा मला खरं तर बोर्डाची दया येत होती. प्रश्नपत्रिका हातात आली. संकल्पनाचित्र पूर्ण करा. चार रिकामे चौकोन, एवढे एवढे! त्यात काय लिहायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून जे माहीत होतं ते लिहिलं. राष्ट्रवादाच्या उदयाची कारणं चौकोनात मावेनात, तेव्हा बाण काढून समासात नेली. खेळण्यांवर टीप होती. मी इंग्रजांनी देशी कारागीर कसे बुडवले ते तीन पानं लिहून त्यात शेवटी एक लाकडी बाहुली बसवली. पर्यटनाच्या प्रश्नाला लिहिलं, की रेल्वे पर्यटनासाठी आलेलीच नाही, ती आपल्या वऱ्हाडचा कापूस परदेशी न्यायला आली, सबब हा प्रश्नच चूक आहे. बोर्डाचा प्रश्न चूक आहे असं लिहून मी खाली रेघसुद्धा मारली. पट्टीनं!

राज्यशास्त्राचे प्रश्न तसेच राहिले. वेळ संपली होती.

माझी परीक्षा संपल्यावर वहिनी माहेरी निघाली. कारण सांगितलं आईच्या तब्येतीचं. माझ्या आईनं तिच्या पिशवीत लाडवाचा डबा ठेवला, बाबा गल्ल्यावर आहेत याची खात्री केली आणि म्हणाली, "त्या बंगालवाल्या लाटाचं नीट लिहिजो वं."

वहिनी थिजली. मीही.

"काय पाहून राह्यल्या दोघी? मी लसूण सोलत होती, बहिरी नव्हती." एवढं बोलून आई आत गेली. तिला सगळं माहीत होतं, आणि त्यातलं एक अक्षरही बाबांपुढे उच्चारायची तिची ताकद नव्हती. डब्यात लाडू मात्र भरपूर होते.

निकालाच्या दिवशी बाबांनी पेढ्यांचा मोठा पुडा आणून गल्ल्यावर ठेवला. बाजारचा दिवस, दुकान भरलेलं. दादानं मोबाइलवर नंबर टाकला आणि त्याचा चेहरा बाजाराला निघाल्यासारखा झाला.

"पास हाये," तो म्हणाला.

"पासच राहीन ना बे! टक्के सांग."

दादानं मोबाइल बाबांच्या हातात दिला आणि खरोखरच टेम्पोकडे गेला. एकूण टक्के इतके होते, की पेढे परत घेतील का हा विचार बाबांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता आला. आणि इतिहास? सगळ्यात कमी इतिहासात. काठावर, दोन्ही पाय लटकत.

"काय झालं जी तुमच्या बी.ए.चं?" गिऱ्हाइकांतून कोणी तरी विचारलं आणि दुकानभर हशा पिकला. पातेल्यांनासुद्धा नाद आला.

बाबांनी मला सगळ्यांसमोर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. 'आयतं खाऊन माजलेली' हा त्यातला सौम्य भाग. "फ्लेक्सवर चढवली तुले मी! तोंड दाखवाले जागा नाही ठेवली! काय वाचत होती रोज?"

तेव्हा पडदा सरकला. वहिनी दुकानात आली. लग्न झाल्यापासून भर गिऱ्हाइकीत ती कधी पडद्याच्या पुढे आली नव्हती.

"तिले बोलू नका, बाबा. ते पुस्तक माहं होतं. अशू माह्यासाठी वाचत होती. त्याची परीक्षा मी देऊन आली."

हसणारे पातेली निरखायला लागले.  बाबांनी पेढ्यांचा पुडा उचलला आणि गल्ल्याखाली ठेवून दिला. त्या दिवसापासून ते वहिनीशी बोलेनासे झाले. तिच्या हातचं जेवायचे, पण मीठ मागायचं असलं तरी आईला सांगायचे.

मग वहिनीचा निकाल लागला. पहिला वर्ग!

ही बातमी गावात पोचली आणि तालुक्यातलं एक मंडळ सत्काराला आलं. कोणाच्या सत्काराला, असं विचारू नका. सुनेला शिकवणाऱ्या सासऱ्याच्या! बाबांनी शाल पांघरली, नारळ घेतला आणि माइक हातात धरून म्हणाले, "मी तं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, सून म्हनजे पोरगीच." टाळ्या पडल्या. वहिनी खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या. तिला बी.एड. करायचं होतं.

बाबा खुशीत आहेत असं पाहून मी त्याच संध्याकाळी अकरावीचं काढलं.

बाबांनी अगदी प्रेमानं विचारलं, "अशे, ते बी.ए.चं पुस्तक तुले सगळं येते?"

एवढ्या महिन्यांनी कोणी तरी माझ्या विद्वत्तेची विचारपूस केली होती. मी ताठ होऊन म्हणाले, "पाठ हाये, बाबा. कुठूनही विचारा!"

"पाठ हाये ना? मंग अकरावी, बारावी अन् तीन वर्षं कॉलेजात जाऊन पुन्हा तेच कायले शिकाचं?"

 याचं उत्तर बी.ए.च्या पुस्तकात नव्हतं.

वहिनीनं माझ्यासाठी बाबांशी बोलून पाहिलं. "अशूले शिकू द्या, बाबा. माह्यापायीच तिचे मार्क गेले."

"घरात एक बी.ए. पुरे. तुही बी.एड.ची फी भरू का तिची?"

वहिनी आणखी एकदा बोलली. त्यानंतर बोलली नाही. मी तिला दोष देत नाही. म्हणजे देते, पण तिच्या तोंडावर देत नाही. आता ती रोज सकाळी जीपनं मंगरूळपीरला जाते, तिथल्या एका शाळेत आठवीला इंग्रज शिकवते. मी गल्ल्यावर बसते. ती दर वर्षी मला बाहेरून बारावीचा फॉर्म भरायचा आग्रह करते, आणि मी दर वर्षी म्हणते, लग्नसराई होऊ दे.

मागच्या महिन्यात मला रिसोडकडचा एक मुलगा पाहायला आला. पोहे झाले, सुपारी झाली. मुलाच्या आईनं शिक्षण विचारलं. "दहावी पास," बाबा म्हणाले. टक्के कोणी विचारले नाहीत, देव त्यांचं भलं करो. मग दोघांना बोलायला म्हणून आम्हाला मागच्या खोलीत बसवलं.

"तुमचं काय झालं शिक्षण?" मी विचारलं.

"बी.ए.," तो लाजत म्हणाला. "इतिहास."

इतिहास! मला इतका आनंद झाला की मी पाटावरून पुढे सरकले. इतक्या वर्षांत माझ्याशी यावर बोलायला कोणी भेटलं नव्हतं.

"मंग तुमाले काय वाटते? अठराशे सत्तावन्न म्हणजे शिपायांचं बंड की स्वातंत्र्ययुद्ध? मले विचाराल तर दोन्ही बाजूंत दम हाये, पण शेतसाऱ्याचा मुद्दा घेतला तं..."

मी बराच वेळ बोलले असावे. परिणामांपर्यंत तर नक्कीच पोचले होते. भानावर आले तेव्हा मुलगा दाराकडे पाहत होता.

"आमाले हे ऑप्शनले टाकता येत होतं," तो म्हणाला.

दोन दिवसांनी त्यांच्याकडून नकार आला. मध्यस्थानं बाबांना फोनवर कारण सांगितलं. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे, मुलगीही पसंत होती. पण त्यांना एवढी शिकलेली मुलगी नको आहे!